मेगापिक्सलच्या आधीचा प्रश्न : सीसीटीव्ही कॅमेरा, लेन्स आणि हाउसिंगची पार्श्वभूमी

सोलापुरात नवी पेठेत कॅमेऱ्याच्या कुठल्याही दुकानात उभं राहा, गिऱ्हाईक पहिलं विचारतंय 'किती मेगापिक्सलचा?' आणि लगेच 'चार कॅमेऱ्याचा सेट केवढ्याला पडेल?'. लेन्स किती एमएमची म्हणजे किती जवळचं-लांबचं दाखवणारी, हाउसिंग म्हणजे बाहेरचं कव्हर धुळीला टिकणार का, हे विचारणारा क्वचितच. त्यात गिऱ्हाइकाचा दोष नाही, आता कॅमेरा, लेन्स, कव्हर, नाईट व्हिजनचे एलईडी सगळं एकाच बुलेटमध्ये, म्हणजे नळीसारख्या कॅमेऱ्यात, बंद होऊन येतंय. पण कितीतरी वर्षं या वस्तू वेगवेगळ्या घ्यायला लागायच्या आणि प्रत्येकीचा वेगळा विचार व्हायचा. डबा एक झाला तरी निर्णय तेवढेच आहेत, आपण घेतले नाहीत तर कंपनीने ते आधीच घेऊन ठेवलेले असतात.

सुरुवात चोर पकडण्यासाठी झालीच नव्हती. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेमुंडे इथे व्ही-२ रॉकेटच्या चाचण्या चालल्या होत्या, उड्डाणाजवळ माणूस उभा राहणं शक्य नव्हतं म्हणून कॅमेरा लावून लांबून पडद्यावर बघायची सोय केली. ते काम करणारा इंजिनिअर वाल्टर ब्रुख, आणि याच माणसाने पुढे पाल ही रंगीत टीव्हीची पद्धत काढली. आजही जुन्या डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डरच्या, मेनूत पाल की एनटीएससी असं विचारतंय ना, तिथलं पाल त्याचंच. म्हणजे जिथे माणसाला थांबता येत नाही तिथलं काय बघायचंय, हा प्रश्न पहिला होता, यंत्र त्याच्यानंतर आलं. मला वाटतं निवडीचा क्रम आजही तोच पाहिजे.

१९५० मध्ये आरसीए कंपनीची व्हिडिकॉन ट्यूब, म्हणजे चित्र टिपणारी काचेची नळी, आली आणि कॅमेरा लहान, परवडणारा झाला. तिची एक मोठी अडचण म्हणजे ऊन किंवा जोराचा दिवा सरळ पडला की त्याचा डाग ट्यूबवर कायमचा उमटायचा, म्हणून उजेडाप्रमाणे आपोआप उघडमीट करणाऱ्या ऑटो आयरिस लेन्सची गरज पडली. आणखी एक गोष्ट या ट्यूबमुळे आपल्या मानगुटीवर बसलीय ती म्हणजे सेन्सरची, कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागाची, मापं. एक इंची ट्यूब म्हणजे काचेचा बाहेरचा व्यास एक इंच, प्रत्यक्ष चित्र पडायची जागा तिरकी मोजली तर साधारण १६ मिलिमीटर. ट्यूब गेल्या, १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी शोधलेली सीसीडी ही सेन्सर चिप आली, नंतर सीमॉस ही दुसऱ्या जातीची चिप आली, पण माप सांगायची ती रीत तशीच राहिली. त्यामुळे १/२.८ इंची सेन्सर असं बॉक्सवर वाचून कुणी खरंच इंचात हिशोब करायला गेला तर चुकणार, त्याची खरी रुंदी साधारण ५.६ मिलिमीटरच भरते.

लेन्सचा आटा म्हणजे सी-माउंट, तो १६ एमएम फिल्मच्या सिनेकॅमेऱ्यातून आला, पुढे कॅमेरे आखूड झाले तसा सीएस-माउंट आला. सी लेन्स सीएस कॅमेऱ्याला ५ मिलिमीटरची रिंग घालून चालते, उलटं चालत नाही, फोकसच येत नाही. गेटवर, नंबरप्लेटला अजून बॉक्स कॅमेरा (ज्याला लेन्स वेगळी लावायची) लावणाऱ्यांना हे रोज लागतंय.

आता खरं महत्त्वाचं. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले लेन्सचे एमएम, म्हणजे किती रुंद जागा दिसणार ते कळतं. समजा मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यासमोर दहा मीटरवर ट्रक लागतो. २.८ एमएम लेन्सने तिथे साधारण २० मीटर रुंदी दिसेल, दोन मेगापिक्सलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके म्हणजे पिक्सल असतात, म्हणजे मीटरला ९६ ठिपके. युरोपच्या मानकात ओळखीचा माणूस ओळखायला मीटरला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० ठिपके धरलेत. म्हणजे गाळा सगळा दिसतोय पण हमालाच्या वेशात पोतं उचलून नेणारा कोण ते सांगता येत नाही. तोच कॅमेरा, १२ एमएम लेन्स, रुंदी पावणेपाच मीटरच्या आत आणि ठिपके मीटरला ४०० च्या वर. मेगापिक्सल तेच, नुसती लेन्स बदलली! म्हणून फुटेज बघून 'काही दिसेनाच की' असं म्हणायची वेळ आली तर आधी लेन्स तपासावी, अन् एकाच कॅमेऱ्यात अख्खं दुकान आणि गल्ल्यावरचा चेहरा दोन्ही मागू नयेत.

रेकॉर्डिंगचा भाग पटकन सांगतो. १९७६ मध्ये व्हीएचएस कॅसेट आली, मग टाइमलॅप्स व्हीसीआर, त्यात थांबून थांबून एकेक चित्र घेत एका कॅसेटवर दिवसच्या दिवस काढायचे. १९९६ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅक्सिसने पहिला नेटवर्क कॅमेरा काढला, २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ओन्विफ हे सगळ्या कंपन्यांसाठीचं सामायिक मानक सुरू केलं, त्याच्यामुळेच आज एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरला, म्हणजे नेटवर्क रेकॉर्डरला, जोडता येतोय.

हाउसिंगवर मात्र सोलापुरात लई कमी बोललं जातं, खरंतर इथे सगळ्यात जास्त बोलायला पाहिजे. थंड देशात हाउसिंगमध्ये हीटर आणि वायपर असायचा, काचेवर बर्फ आणि वाफ धरू नये म्हणून. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याखाली लावलेल्या कॅमेऱ्याच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतंय, तेव्हा इथे सनशेड, फिकट रंग आणि जमलं तर उत्तरेची भिंत. आयपी६६ या रेटिंगमधला पहिला सहा धुळीचा, दुसरा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा. आयके हे दणका सोसण्याचं रेटिंग, आयके१० म्हणजे २० ज्यूलचा दणका, पाच किलोचं वजन ४० सेंटीमीटरवरून पडल्याएवढा, एवढं संरक्षण रस्त्यावर हाताला येईल अशा उंचीवर लागतंय, दुकानाच्या आत उगाच पैसे घालवायची गरज नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमच्या शेडमध्ये वेगळंच. चादर-टॉवेलच्या मागावर सुताचे बारीक तंतू सारखे उडत असतात, ते डोमच्या, म्हणजे घुमटासारख्या कॅमेऱ्याच्या, काचेवर चिकटतात, दिवसा कळतही नाही, पण रात्री आतले इन्फ्रारेड एलईडी लागले की तो उजेड त्या तंतूंवर आपटून परत लेन्समध्ये येतो आणि चित्र दुधाळ पांढरं होतं. तिथे टरेट म्हणजे घुमट नसलेला, गोल डोळ्यासारखा कॅमेरा बरा, कारण त्यात एलईडी आणि लेन्सवर एकच सामायिक काच नसते, आणि कापड फिरवायला सोपा. बाहेरच्या बुलेटला हाच त्रास कोळ्याच्या जाळ्याचा, एलईडीभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, मग रात्रभर मोशन अलर्ट, म्हणजे हालचालीचे खोटे इशारे.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आलं, त्याच्या आधी २६/११ नंतर राज्यात कॅमेऱ्यांची चर्चा वाढलेलीच होती, आणि डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात नाईट व्हिजन आणि आवाजासह कॅमेरे लावायला सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने कॅमेऱ्याच्या सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची करणारं नोटिफिकेशन काढलं, अंमल एप्रिल २०२५ पासून. म्हणून आता कोटेशन घेताना मॉडेल नंबर, त्या मॉडेलचं या चाचणीचं सर्टिफिकेट, लेन्सचे एमएम आणि हाउसिंगचं आयपी रेटिंग असं चारही लिहून मागा, नुसतं 'चार कॅमेऱ्याचा सेट' असं लिहिलेलं कोटेशन परत करा.