कंडेन्सर गेला की व्होल्टेज पडलं?

स्टुडिओतून निघालेले जुने साउंड मिक्सर आपल्याकडे भजनी मंडळांत, झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांत पोचतात. यंत्रं दणकट असतात, पण पॉवर सप्लाय (लाइनच्या एसीचा डीसी करणारा भाग) कधीतरी थकतो आणि हमिंग, म्हणजे स्पीकरमधली सततची गुणगुण, सुरू होतं. मग कोणी म्हणतो कंडेन्सर (सप्लायमधला चार्ज साठवणारा भाग) गेला, कोणी म्हणतो गावात व्होल्टेजच नाही. दोन्हींचा आवाज अगदी एकसारखा, म्हणूनच घोळ होतो.

आपली लाइन 50 हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे एकाच दिशेला वळवतो, म्हणून डीसीवर उरते ती 100 हर्ट्झची लहर. दोन लाटांमधल्या खड्ड्यात कंडेन्सर करंट पुरवतो आणि पुढे 7815, 7915 हे आयसी उरलेली लहर कापून स्थिर प्लस आणि मायनस 15 व्होल्ट देतात. मात्र त्यासाठी आयसीच्या इनपुटला साधारण 17 व्होल्ट लागतातच. खड्डा त्याखाली गेला की लहर सरळ स्पीकरमध्ये. कंडेन्सर सुकला, म्हणजे आतलं द्रव आटून त्याची क्षमता घटली, तर खड्डा खोल होतो. व्होल्टेज पडलं तर अख्खी लाटच खाली येते. कानाला फरक कळत नाही.

आकड्यांत कळतो. 18-0-18 चा (दोन्ही बाजूंना 18 व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक बाजूला 2200 मायक्रोफॅरड, अर्धा अँपिअर लोड धरा. 230 व्होल्टला लाटेचा माथा 24 च्या वर आणि खड्डा दोनेक व्होल्टचा. भरपूर जागा आहे. लाइन 170 वर आली की माथाच 18 च्या आसपास येतो, आणि कालच टाकलेल्या कंडेन्सरवरही हमिंग होणार. उलट कंडेन्सर सुकून 500 मायक्रोफॅरडवर आला, तर पूर्ण 230 मिळूनही होणार.

खरी फसगत मधल्या अवस्थेत आहे. कंडेन्सर 1000 च्या आसपास उरलेला असतो. दिवसा सगळं शांत. रब्बीत रात्री कृषिपंप सुरू झाले, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड आला, लाइन 195 वर उतरली, की हमिंग. पंप आणि आवाज एकाच वेळी सुरू होतात, म्हणून सगळे लाइनला दोष देतात. स्टॅबिलायझर लावला की हमिंग जातं आणि तो दोष पक्का ठरतो. पण चांगल्या कंडेन्सरने 195 ला आवाज केलाच नसता. माझ्या मते जुन्या यंत्राला तपासणीआधी स्टॅबिलायझर लावणं म्हणजे आजार झाकणं. कंडेन्सर आत सुकतच राहतो आणि भर प्रयोगात दगा देतो.

डिमरस्टॅट (लाइनचं व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. 230 वरून हळूहळू खाली या आणि हमिंग कुठे सुरू होतं ते लिहून ठेवा. वरच्या सप्लायसारखा सप्लाय 185 च्या आसपासपर्यंत गप्प राहायला हवा. 200-210 लाच बोलू लागला, तर कंडेन्सर बदला.

डिमरस्टॅट नसेल, तर मीटर एसी रेंजवर ठेवून, एका प्रोबला 1 मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर सिरीजमध्ये जोडून, दोन्ही फिल्टर कंडेन्सरवरची लहर मोजा. दोन व्होल्टचा खड्डा मीटरवर सुमारे 0.6 दिसतो. लाइन पडली तर प्लस आणि मायनस दोन्ही बाजू सोबतच खाली येतात. कंडेन्सर मात्र बहुधा एकाच बाजूचा आधी जातो, त्यामुळे एका बाजूला 0.6 आणि दुसरीकडे 1.5 दिसलं तर शंका उरत नाही. आणखी एक खूण: हिवाळ्यात सकाळी जास्त आणि यंत्र तापल्यावर कमी होणारं हमिंग सुकत्या कंडेन्सरचं असतं, कारण गरम झाल्यावर त्याचा अंतर्गत रोध घटतो.

अर्थिंगचं हमिंग वेगळं, जाड, मुख्यतः 50 हर्ट्झचं. बाहेरच्या केबल काढल्या की ते जातं.

उघडण्याआधी प्लग काढा आणि कंडेन्सर 100 ओहम, 5 वॉटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) यंत्रात 300 व्होल्ट साठलेले असू शकतात, तिथे जाणकाराशिवाय हात घालू नका.

नवा कंडेन्सर 105 डिग्री तापमान सोसणाराच घ्या. चंद्रपूरकडचा उन्हाळा आणि टिनाचं छत मिळून जुन्या 85 डिग्रीवाल्याचं आयुष्य झपाट्याने संपवतात. दर 10 डिग्री वाढीला ते साधारण निम्मं होतं. आणि रेटिंग 50 व्होल्टचं ठेवा, कारण मध्यरात्री पंप बंद झाले की हीच लाइन 250 च्या वर चढते आणि माथा 28 व्होल्टच्या आसपास जातो. 25 व्होल्टचा कंडेन्सर तिथे टिकणार नाही.