ब्लॉक-पाइपचा कारखाना: परवान्यांचा क्रम, आणि हजेरीपटावर नसलेली माणसं

सिमेंटचे ब्लॉक, पेव्हर, आरसीसी पाइप, कुंपणाचे पोल, चेंबरची झाकणं. गावाबाहेर एक-दोन एकर जागा, पत्र्याची शेड, पॅन मिक्सर, ब्लॉकचं मशीन आणि दहा-पंधरा माणसं, एवढ्यावर हा धंदा उभा राहतो. सल्ल्याला येणारा बहुतेक जण आधी मशीनचं कोटेशन पुढे करतो आणि उठता उठता विचारतो, 'आणि लायसन्स काय काय लागतं हो?' तोवर बयाणा देऊन झालेला असतो. जागा चुकीच्या झोनमध्ये निघाली तर तो बयाणा अडकला म्हणून समजा. म्हणून आधी कागद, मग मशीन.

सुरुवात उद्यम नोंदणीपासून. ती उद्यम पोर्टलवर फुकट होते. आधार, पॅन आणि लागू असेल तर जीएसटी क्रमांक लागतो, एकही कागद अपलोड करावा लागत नाही. त्यासाठी कुणी दोन हजार मागत असेल तर ते त्याच्या टायपिंगचे. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत: यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर उद्योग सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. ब्लॉकवाले बहुतेक पहिल्याच खणात बसतात.

या नोंदणीचा खरा उपयोग उधारी वसुलीला होतो. बिल्डर माल उचलतो आणि 'स्लॅब पडला की देतो' म्हणतो. कायदा सांगतो की लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे द्यायचे. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार 'समाधान' या सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे असे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. दोन गोष्टी मात्र पाळा. माल पाठवण्याआधी नोंदणी झालेली असू द्या आणि तिचा क्रमांक बिलावर छापा. पेव्हर बसवून देण्याचं कामही तुम्हीच घेत असाल तर मालाचं बिल आणि बसवण्याचं बिल वेगळं करा. एकत्र केलं की समोरचा वकील 'हे कामाचं कंत्राट आहे, पुरवठा नाही' म्हणून उभा राहतो आणि वर्ष तिथेच जातं.

पुढचा टप्पा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. संमती दोनदा घ्यायची: शेड बांधण्याआधी स्थापनेची, उत्पादनाआधी चालवण्याची. अर्ज ऑनलाइन असतो आणि फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, म्हणून सीएचं गुंतवणुकीचं प्रमाणपत्र लागतं. त्यासोबत सातबारा किंवा एमआयडीसीचं वाटपपत्र, भाडेकरार, झोन दाखला, जागेचा नकाशा, उत्पादनाचे टप्पे, रोज किती पाणी लागतं आणि क्युरिंगचं, म्हणजे माल पक्का होईपर्यंत ओला ठेवण्याचं, पाणी कुठे जातं याचा हिशेब, जनरेटर असेल तर त्याची क्षमता. सिमेंटच्या वस्तूंचं काम बंदिस्त शेडमध्ये व्हावं अशी अपेक्षा असते, कारण धूळ. सायलो, म्हणजे सुटं सिमेंट साठवायची उभी टाकी, असेल तर त्यावर धूळ अडवणारा बॅग फिल्टर आहे का, हे पाहणीला आलेला माणूस पाहतोच. शेजारच्या द्राक्षबागेवर धूळ बसली की तक्रार येणार हे धरून चाला, आणि ढिगाऱ्यांवर पाणी मारायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता कारखान्याचा परवाना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियम, १९४८ ची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. वीज वापरून उत्पादन होत असेल आणि २० किंवा जास्त कामगार असतील तर तो कारखाना, विजेशिवाय असेल तर ४० ला. दहा कामगार झाले की आस्थापना म्हणून नोंदणी, तीही ६० दिवसांत. संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम तूर्त चालू राहतात, म्हणून अर्जाचा नमुना भरण्याच्या दिवशी पोर्टलवरूनच उतरवा, मित्राच्या पेनड्राइव्हमधला नको. काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं, ज्याला सगळे 'डिश' म्हणतात. मंजूर नकाशा, इमारतीचं स्थैर्य प्रमाणपत्र, यंत्रांची यादी अश्वशक्तीसह, कामगारसंख्या, भोगवटादार (कारखान्यावर अंतिम ताबा असलेला माणूस) आणि व्यवस्थापक यांची नावं, हे सगळं अर्जाला लागतं. कंपनी असेल तर भोगवटादार म्हणून संचालकाचंच नाव लागतं. पगारी सुपरवायझरचं नाव टाकून मोकळं होता येत नाही.

कर्तव्यात कसूर होऊन कामगाराचा मृत्यू झाला तर संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही आहेत, आणि त्या दंडातली निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

'आमच्याकडे वीस नाहीतच' असं मला कितीदा ऐकवलं गेलंय. मोजायला बसलं की निघतात. नगावर काम करणारे मोजायचे, ठेकेदाराचे हमाल मोजायचे. आणि जोडी मोजायची. ब्लॉकच्या कामात नवरा-बायको मिळून नगाला दर ठरतो: तो मशीनवर, ती पॅलेट उचलायला, कधी मिक्सरमध्ये कच टाकायला. पैसे एकत्र मिळतात आणि हजेरीपटावर नाव फक्त नवऱ्याचं. म्हणजे पाच जोड्या असतील तर कागदावर पाच माणसं आणि शेडमध्ये दहा. त्या पाच बायकांपैकी कुणाचा हात अडकला तर तिला विमा नाही, हजेरी नाही, ती तिथे का होती याचं उत्तरही नाही. या धंद्यातली सगळ्यात मोठी जोखीम मला विचाराल तर ही, मिक्सर नंतर. संहितेने प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र सक्तीचं केलं आहे. ते दोघांचं वेगवेगळं करा, नगाचा दर विभागून लिहा.

यावरून ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा विमा. दहा कर्मचारी झाले की नोंदणी बंधनकारक, १५ दिवसांच्या आत. दहापेक्षा कमी असतील तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत मालक आणि बहुसंख्य कर्मचारी यांच्या संमतीने स्वेच्छेने येता येतं. सात-आठ माणसांच्या ब्लॉकवाल्याने हे जरूर करावं. कर्मचाऱ्याची पात्रता महिना २१,००० रुपये वेतनापर्यंत. वर्गणी मालकाची ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५ टक्के, दर महिन्याची पुढच्या १५ तारखेपर्यंत. १५,००० पगाराच्या माणसामागे मालकाला ४८८ रुपये पडतात. उलट बाजू पाहा: माणूस ईएसआयसीत नसेल आणि तिसाव्या वर्षी कामावर दगावला, तर भरपाईचं सूत्र निम्मं वेतन गुणिले वयाचा गुणक. १५,००० वेतन धरून ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये, मालकाच्या खिशातून. ईएसआयसीचं संरक्षण असेल तर ही भरपाई मालकाकडून मागता येत नाही.

मालकाच्या नोंदणीला पॅन, जागेचा पुरावा, बँक तपशील, असलेले परवाने आणि कर्मचाऱ्यांची यादी लागते, रुजू तारीख आणि वेतनासह. १७ अंकी कोड मिळतो. मग प्रत्येक कामगाराचा आधार, बँक पासबुक, कुटुंबाचा फोटो, वारसाचं नाव. त्याला दहा अंकी विमा क्रमांक आणि ई-पेहचान कार्ड. कुटुंब बिहारला किंवा विजापूरला असेल तर त्यांच्यासाठी तिकडचा दवाखाना निवडता येतो, तो रकाना मोकळा सोडू नका. आधारवर 'शिवलिंगप्पा' आणि पासबुकावर 'शिवलिंग' असेल तर ते आजच दुरुस्त करून घ्या, दाव्याच्या वेळी तेच आडवं येतं. हे सगळं रुजू होण्याच्या दिवशी, मिक्सरजवळ जाण्याआधी. कामावरच्या अपघाताला किती दिवस वर्गणी भरली याची अट नसते, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. पण अपघातानंतर केलेली नोंदणी संशयाने पाहिली जाते, आणि थकवलेल्या वर्गणीच्या काळात दिलेला लाभ महामंडळ मालकाकडून वसूल करू शकतं.

अपघात झालाच तर क्रम असा. आधी दवाखाना, कार्ड बरोबर. त्याच दिवशी अपघात नोंदवहीत, म्हणजे नमुना ११ मध्ये, वेळ, जागा, काय करत होता आणि दोन साक्षीदार. २४ तासांच्या आत पोर्टलवर अपघात अहवाल, नमुना १२. गंभीर असेल किंवा मृत्यू असेल तर लगेच. सोबत त्या दिवसाची हजेरी आणि वर्गणीचा तपशील. माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नसेल तर डिशलाही कळवायचं. अहवालात 'निष्काळजीपणे हात घातला' लिहून स्वतःला वाचवायला जाऊ नका. घडलं ते लिहा.

लाभ काय? अपघाताचा दिवस सोडून तीन किंवा जास्त दिवस काम बुडालं तर सरासरी रोजाच्या ९० टक्के, बरा होईपर्यंत, नमुना ९ वर. कायमचं अपंगत्व राहिलं तर नमुना १४ आणि वैद्यकीय मंडळ. मंडळ कमाईक्षमता किती टक्के गेली ते ठरवतं: अंगठा गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. त्या टक्क्यांच्या प्रमाणात आयुष्यभर रक्कम मिळते. मृत्यू झाला तर नमुना १५, त्याच ९० टक्क्यांतून विधवेला तीनपंचमांश आणि प्रत्येक मुलाला दोनपंचमांश, एकूण बेरजेच्या मर्यादेत. अंत्यविधीला १५,००० पर्यंत. २१,००० च्या वरचा सुपरवायझर मात्र या छत्रीबाहेर राहतो, त्याच्यासाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी घ्या. वर्कमेन पॉलिसी म्हणून मागितली तरी एजंटला कळतं. औषधोपचाराचा खर्च आणि ठेकेदाराची माणसं तीत घातली आहेत का, हे वाचून घ्या.

अपघात होतो तो बहुधा काम थांबल्यावर. मिक्सरच्या तळाला काँक्रीट धरतं, एक जण छिन्नी-हातोडी घेऊन आत उतरतो, मशीन चालू-बंद करायचं पॅनेल वीस फुटांवर. जेवून आलेल्या दुसऱ्याला आत कोणी आहे हे दिसत नाही. उपाय स्वस्त आहे: मुख्य स्विचला कुलूप आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात. मिक्सरच्या जाळीला लिमिट स्विच असतो, जाळी उचलली की मशीन बंद पडावं म्हणून. पुष्कळ ठिकाणी तो वायरने बांधून ठेवलेला सापडतो. निरीक्षक पहिल्यांदा जाळीच उचलून पाहतो.

बाकी तपासण्यांच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा. क्रेन, चेनब्लॉक आणि साखळ्या दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून. कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीची बाहेरून तपासणी दर सहा महिन्यांनी. पाइपांना वाफेने क्युरिंग करणार असाल आणि बॉयलर २५ लिटर किंवा मोठा असेल तर बॉयलर अधिनियम, २०२५ खाली राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. भंगारातून आणलेल्या बॉयलरचे मूळ कागद नसतील तर तो विकत घेऊच नका. पाइपवर आयएस ४५८ चा, म्हणजे काँक्रीट पाइपांच्या भारतीय मानकाचा, शिक्का हवा असेल तर भारतीय मानक ब्यूरोकडे त्यांच्या 'मानक ऑनलाइन' पोर्टलवरून वेगळा अर्ज करायचा. त्याआधी कारखान्यात चाचणीची सोय आणि तपासून घेतलेलं दाबयंत्र लागतं. ते काम उत्पादन बसल्यावर हाती घ्या. जोड्यांची नियुक्तिपत्रं मात्र पहिला घाणा पडायच्या आधी.