स्मार्टफोन बंद-चालू करणे

स्मार्टफोनमध्ये सुरू असलेली कामे क्रमाने संपवून त्याचा वीजपुरवठा थांबवणे आणि नंतर त्याची कार्यप्रणाली मुळापासून पुन्हा सुरू करणे, ही क्रिया. बाजूचे बटन एकदा दाबून पडदा काळा केला म्हणजे फोन बंद झाला, असा समज बराच आढळतो. प्रत्यक्षात त्या अवस्थेत प्रोसेसर, रॅम आणि टॉवरशी बोलणारा रेडिओ जागेच असतात. अलीकडे उघडलेली ॲप बोटाने सरकवून काढल्यानेही प्रणाली नव्याने सुरू होत नाही. ‘फॅक्टरी रीसेट’ ही तर निराळीच बाब असून तिच्यात फोनमधील माहिती पुसली जाते. दुकानात ‘रीसेट मारू का?’ असे विचारले गेले, तर दोन्हींपैकी काय अभिप्रेत आहे हे आधी स्पष्ट करून घेणे बरे.

पूर्वेतिहास : अडलेले यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याच्या उपायाचा एक जनक दाखवता येत नाही. सामान्यतः आयबीएम पीसीचे (१९८१) अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांचे नाव घेतले जाते. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबून संगणक पुन्हा सुरू करण्याची सोय त्यांनी केली, पण ती मुळात विकसनाचे काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी होती. घरोघरी ती पोहोचली ती पुढे विंडोजमुळे. यंत्राला पहिली सूचना बाहेरून भरवून मुळापासून सुरू करण्याची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. आयबीएम ७०१ (१९५२) या संगणकावर ‘लोड’ बटन दाबले की सुरुवातीच्या सूचना छिद्रे पाडलेल्या पत्रिका, चुंबकीय फीत किंवा ड्रमवरून स्मृतीत (मेमरीत) येत. त्यामुळे ब्रॅडली यांना या उपायाचे श्रेय द्यायचे, तर ते वापरणाऱ्याच्या बोटाखाली आणून दिल्याचे, एवढ्याच अर्थाने द्यावे लागते.

पीसीवर या तीन कळा दाबल्या, की स्मृतीतील ४७२ या षोडशमान (सोळाच्या पायाच्या अंकलेखनातील) पत्त्यावर १२३४ ही खूण ठेवली जाई. सुरू होताना ती आढळली, तर वेळखाऊ स्मृती-चाचणी वगळली जाई; वीज तोडून सुरू केल्यास खूण नाहीशी झालेली असे आणि पूर्ण चाचणी होई. ‘उष्ण’ (वीज न तोडता) व ‘शीत’ (वीज तोडून) पुनरारंभ हा भेद सर्वसामान्य वापरणाऱ्याच्या अनुभवाला याच सुमारास आला असावा. स्मार्टफोनवरील ‘रीस्टार्ट’ आणि ‘पॉवर ऑफ’ हे दोन पर्याय याच भेदाचे वारस होत.

बंद-चालू केल्याने बिघाड का जातो, यावर दोन मते आहेत. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये असे मांडले, की कसून तपासून वापरात आलेल्या प्रणालींत उरणारे दोष बहुधा क्षणिक स्वरूपाचे असतात. घटनांचा विशिष्ट क्रम जुळला तरच ते उमटतात आणि स्वच्छ अवस्थेतून तेच काम पुन्हा केले तर दिसत नाहीत. त्यांना त्यांनी भौतिकविज्ञ हायझेनबेर्ख यांच्या नावावरून ‘हायझेनबग’ म्हटले. दुसरे मत बेल लॅबोरेटरीजमधील हुआंग, किंताला व त्यांच्या सहकाऱ्यांचे (१९९५). त्यांच्या मते सलग चालणारे सॉफ्टवेअर हळूहळू जीर्ण होते : घेतलेली स्मृती परत दिली जात नाही, गणनेतील चुका साचत जातात. म्हणून बिघाडाची वाट न पाहता ठरावीक काळाने ते बंद-चालू करावे.

साचत जाणाऱ्या चुकीची सर्वांत दारुण नोंद २५ फेब्रुवारी १९९१ ची आहे. सौदी अरेबियातील धाहरान येथे पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा १०० तासांहून अधिक काळ सलग चालू होती. तेवढ्या काळात तिच्या घड्याळात सुमारे ०.३४ सेकंदाची चूक साचली, येणारे स्कड क्षेपणास्त्र तिने भलत्याच जागी शोधले आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. बोइंग ७८७ विमानांच्या बाबतीतही अमेरिकेच्या हवाई नियामकाने २०१५ मध्ये आदेश काढला होता. वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनित्र-नियंत्रकातील गणक (वेळेची मोजणी ठेवणारा घटक) मर्यादेबाहेर जातो, सबब तत्पूर्वी ती बंद करून पुन्हा चालू करावी, असा त्याचा आशय होता.

फोनपुरते बोलायचे तर ग्रे यांचे मत अधिक लागू पडते. अँड्रॉइड आणि आयओएस दोन्ही प्रणाली रॅम कमी पडू लागताच मागे पडलेली ॲप स्वतःच बंद करतात. तेव्हा ‘रॅम भरली’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. शिवाय कालच बंद-चालू केलेला फोनही आज अडकतो, आणि पुन्हा तसे केल्यावर सुटतो. हेही खरे, की दोष यामुळे दुरुस्त होत नाही. तो उमटलेली अवस्था तेवढी पुसली जाते.

बंद होणे : ‘पॉवर ऑफ’ निवडल्यावर अँड्रॉइड प्रथम सर्व ॲपना बंद होत असल्याची सूचना देते, रेडिओ बंद करते, साठवणुकीत लिहायचे राहिलेले लिहून घेते आणि शेवटी वीज-व्यवस्थापन चिपला पुरवठा तोडण्याचा आदेश देते. पडदा काळा झाल्यावरही काही क्षण हे चालू राहू शकते. बटन दाबून धरून सक्तीने फोन बंद केल्यास हा क्रम तुटतो. हल्लीच्या फाइल-व्यवस्था असा धक्का बहुधा सोसतात. मेमरी कार्डाचा भरवसा कमी. बंद केल्यावर किती थांबावे याविषयी ३० सेकंदांचा संकेत रूढ आहे. रॅममधील नोंदी वीज जाताच नाहीशा होतात असे मानले जाई, पण प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की त्या काही सेकंद टिकतात आणि चिप थंड केल्यास काही मिनिटेही. या दृष्टीने ३० सेकंदांचा संकेत निराधार नाही, फार काटेकोर पाळण्यासारखाही नाही.

बंद होण्याच्या क्रमातील एक पायरी वापरणाऱ्याला दिसत नाही, ती म्हणजे जाळ्याचा (मोबाइल नेटवर्कचा) निरोप घेणे. नीट बंद होणारा फोन टॉवरमार्फत ‘मी चाललो’ असा छोटा संदेश पाठवतो आणि जाळे त्या क्रमांकापुढे तशी नोंद करते. यानंतर फोन लावणाऱ्याला ‘बंद आहे’ असे ऐकू येते. रेंज गेली किंवा फोन सक्तीने बंद केला, तर निरोप पोहोचत नाही. जाळे त्या फोनला काही काळ जागाच समजते, शोधते आणि उत्तर न आल्याने संपर्कक्षेत्राबाहेर असल्याची उद्घोषणा करते. फोनने ठरावीक काळाने हजेरी लावायची असते (४-जी जाळ्यात या मुदतीचे प्रमाणित मूल्य ५४ मिनिटे आहे); ती चुकली, की थोड्या अवधीने जाळे त्याला आपणहून गैरहजर धरते. बॅटरी संपत आली असता फोन स्वतःच क्रमाने बंद होतो आणि निरोपही पाठवतो. म्हणून ‘फोन बंद दाखवतोय’ यावरून समोरच्याने मुद्दाम बंद केला, असा जो अर्थ काढला जातो आणि त्यावरून जी भांडणे होतात, त्याला तांत्रिक आधार नाही.

सुरू होणे : प्रोसेसरच्या चिपमध्ये कायमची कोरलेली छोटी आज्ञावली प्रथम जागी होते, ती बूटलोडरची (प्रणाली सुरू करून देणाऱ्या आज्ञावलीची) सही तपासून त्याला चालवते, बूटलोडर कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) तपासणी करतो आणि मग अँड्रॉइडची सेवा-प्रणाली उभी राहते. प्रणालीचा भाग बिघडलेला आढळल्यास फोन सुरूच होऊ न देण्याची सक्ती अँड्रॉइड ७.० (२०१६) पासून आहे.

सुरू झाल्यावर पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही. पिन, पासवर्ड किंवा पॅटर्नच द्यावा लागतो. तो देईपर्यंत बहुतेक माहिती कूटबद्ध राहते. या अवस्थेत फोन आला, तर पडद्यावर नाव न दिसता नुसता क्रमांक दिसू शकतो, कारण नावांची यादीही कुलपात असते. गजर मात्र वाजतो, त्याची तजवीज वेगळी केलेली आहे. पॅटर्न नातवाने ठेवलेला आणि आजोबा रोज ठशानेच फोन उघडणारे, अशा घरात तो पॅटर्न ठाऊक करून घेतल्याशिवाय फोन बंद करू नये. पॅटर्न आठवला नाही तर बहुधा फॅक्टरी रीसेटच उरतो.

मराठवाड्यातील वापर : ‘फोन हँग होलालाय’, ‘चालू होईना गेलाय’ अशी तक्रार घेऊन आलेल्याला लातूर-नांदेडकडच्या दुकानात ‘मामा, एकडाव बंद करून चालू करा की’ असेच पहिले उत्तर मिळते. साध्या फोनच्या काळात हे काम मागचे झाकण उघडून, बॅटरी काढून, तिच्या पट्ट्यांवर फुंकर मारून होत असे. बॅटरी आत बंदिस्त झाल्यापासून तो मार्ग राहिला नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तेथील बाजारात वापरणाऱ्याला काढता येतील अशा बॅटऱ्या सक्तीच्या होत असल्या, तरी त्या नियमाला अपवादही आहेत.

सीमेवरच्या तालुक्यांत या उपायाचा एक खास उपयोग आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या भागांत फोन तेलंगणातील टॉवर पकडतो, तर उदगीर, निलंगा, उमरगा या पट्ट्यात कर्नाटकातील. फोन बंद-चालू केल्यावर जाळ्याचा शोध नव्याने सुरू होतो खरा, पण सिमकार्डावर आधीच्या जाळ्याची नोंद असते आणि फोन बहुधा तेथूनच सुरुवात करतो. एकदोनदा करूनही परकाच टॉवर मिळत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन जाळे हाताने निवडणे हाच उपाय. केवळ रेंज अडली असेल, तर विमान-मोड काही क्षण लावून काढल्यानेही तेच साधते.

ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी (शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः करणे) मोबाइलवरून होऊ लागली आणि शेताच्या बांधावर उभे राहून फोनने स्थान दाखवणे, पिकाचा फोटो काढणे भाग पडले. स्थान येईना, कॅमेरा उघडेना अशा वेळी फोन बंद-चालू केल्याने काम होते. अर्धवट भरलेली आणि न जतन केलेली माहिती मात्र जाते. अडचण सर्व्हरच्या बाजूची असेल, तर अर्थातच काही फरक पडत नाही.

रीत : बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवर बटन, किंवा ते आणि आवाज वाढवण्याचे बटन एकत्र, दाबून धरल्यास पर्याय येतात. वरून ओढलेल्या पट्टीतही पॉवरचे चिन्ह असते. आयफोन १० (२०१७) पासून बाजूचे बटन व आवाजाचे कोणतेही एक बटन दाबून धरतात आणि पट्टी सरकवतात. पडदाच हलत नसेल तर सक्तीचा मार्ग : सॅमसंगवर बाजूचे बटन व आवाज कमी करण्याचे बटन सातहून अधिक सेकंद, आयफोन ८ पासून आवाज वाढवा, आवाज कमी करा अशी दोन बटने पटकन दाबून सोडून बाजूचे बटन चिन्ह दिसेपर्यंत दाबून धरणे. एचटीसीच्या काही जुन्या फोनांत ‘फास्ट बूट’ सुरू असताना फोन पूर्ण बंद न होता नुसता झोपत असे. तेथे ‘रीस्टार्ट’ हाच खरा पुनरारंभ ठरे.

वारंवारता : अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०२० च्या मार्गदर्शिकेत आठवड्यातून एकदा फोन बंद-चालू करण्याचा सल्ला दिला. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बनीझ यांनी २०२३ मध्ये रोज रात्री पाच मिनिटे बंद ठेवण्यास सांगितले. दोन्हींमागील हेतू वेगाचा नसून हेरगिरी रोखण्याचा आहे : काही घुसखोर आज्ञावल्या केवळ रॅममध्ये राहतात आणि वीज जाताच नष्ट होतात. साठवणुकीत मुरलेल्यांना याने काही होत नाही. आयओएस १८.१ (२०२४) पासून सलग तीन दिवस न उघडलेला आयफोन आपोआप पुन्हा सुरू होतो आणि २०२५ मध्ये अँड्रॉइडसाठीही तशी सोय आली. सामान्य वापरणाऱ्याला आठवड्याचा सल्ला पुरेसा वाटतो. रोज बंद केल्याने बॅटरीचे आयुष्य वाढते हे मत मान्य करणे कठीण आहे. सुरू होतानाची काही मिनिटे प्रोसेसर उलट जोरात चालतो.

अपवाद : मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४० अंशांपुढे जातो. पत्र्याखाली किंवा मोटारसायकलच्या टाकीवरच्या पाकिटात तापलेला फोन बंद करून सावलीत ठेवावा. लगेच चालू करू नये आणि फ्रीजमध्येही ठेवू नये, आत दव धरते. पाण्यात पडलेला फोन बंद करावा आणि पूर्ण सुकेपर्यंत चालू करून पाहू नये. फोन पुन्हापुन्हा आपोआप बंद-चालू होत असेल, तर आधी कव्हर काढून पाहावे. घट्ट कव्हराने किंवा सरकीच्या धुळीने पॉवर बटन दबून राहिलेले असू शकते.