तीन दिवस, बारा गाणी: रोलिंग स्टोन्सच्या ‘ब्लू अँड लोन्सम’ची पार्श्वभूमी

डिसेंबर २०१५मध्ये ब्रिटिश रॉक बँड रोलिंग स्टोन्स पश्चिम लंडनच्या चिझिक भागात गिटारवादक मार्क नॉफ्लरच्या ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओत जमला, ते स्वतःची नवी गाणी रेकॉर्ड करायला. खोली त्यांना नवखी होती आणि आवाज काही केल्या बसेना. मग खोलीचा अंदाज यावा, हातही मोकळे व्हावेत म्हणून गिटारवादक कीथ रिचर्ड्सने एक जुनं ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातलं) गाणं काढलं: माउथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टरचं ‘ब्लू अँड लोन्सम’. ते अचानक जमून आलं. गायक मिक जॅगरने लगेच दुसरं सुचवलं, मग तिसरं. ११, १४ आणि १५ डिसेंबर अशा तीन दिवसांत बारा गाणी झाली आणि नवी गाणी तशीच बाजूला पडली. जवळपास वर्षभराने, २ डिसेंबर २०१६ रोजी, त्या बारा गाण्यांचा अल्बम आला. जॅगर-रिचर्ड्स जोडीची एकही रचना नसलेला हा त्यांचा पहिलाच स्टुडिओ अल्बम.

हा योगायोग घडायला पन्नासहून जास्त वर्षांची तयारी होती. ऑक्टोबर १९६१मध्ये डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर जॅगर आणि रिचर्ड्सची पुन्हा गाठ पडली, तेव्हा जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकी गायक-गिटारवादकांच्या तबकड्या होत्या. त्या शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीच्या. इंग्लंडच्या दुकानांत असा माल सहसा मिळत नसे, पोरं थेट शिकागोहून टपालाने मागवत. बँडचं नावही मडी वॉटर्सच्या १९५०च्या ‘रोलिन स्टोन’ या गाण्यावरून पडलं. १२ जुलै १९६२ला मार्की क्लबमध्ये पहिला कार्यक्रम झाला, पुढे रिचमंडच्या स्टेशन हॉटेलात दर आठवड्याला वाजवणं सुरू झालं. ते रिचमंड किंवा ब्लूज वादक अलेक्सिस कॉर्नरचा क्लब असलेलं ईलिंग, दोन्ही ठिकाणं चिझिकपासून काही किलोमीटरवरच आहेत. म्हातारपणी ही मंडळी आपल्या जुन्या गल्लीतच परतली होती म्हणायची.

१९६४च्या जूनमध्ये ते शिकागोला २१२० साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू या चेसच्या पत्त्यावर जाऊन रेकॉर्डिंगही करून आले. त्याच डिसेंबरात ‘लिटल रेड रूस्टर’ हा अस्सल संथ ब्लूज त्यांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेला. मे १९६५मध्ये ‘शिंडिग’ या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांच्याबरोबर शिकागोचा ब्लूज गायक हाउलिन वुल्फ गायला. त्यानंतर मात्र स्वतःची गाणी, मोठी मैदानं आणि मोठा पैसा आला. ७ एप्रिल २००३ला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजला तो हा मैदानी बँड. २००५च्या ‘अ बिगर बँग’मध्ये सोळा गाणी होती. चार-पाच कापली असती तर बरं झालं असतं. पुढची दहा वर्षं नवा स्टुडिओ अल्बम नाही.

‘ब्लू अँड लोन्सम’ची यादी बघितली की जाणकाराला हायसं वाटतं, कारण सरावाची, सगळ्यांनी चावून चोथा केलेली गाणी इथे जवळपास नाहीत. बारापैकी चार लिटल वॉल्टरच्या तबकड्यांवरून घेतलेली, बाकीची हाउलिन वुल्फ, मॅजिक सॅम, जिमी रीड, एडी टेलर, लाइटनिन स्लिम, लिटल जॉनी टेलर आणि ओटिस रश यांच्याकडची. सर्वांत परिचित म्हणजे रशचं १९५६चं ‘आय कान्ट क्विट यू बेबी’. ते लेड झेपेलिन या रॉक बँडमुळे रॉकवाल्यांना आधीच पाठ असतं. हाउलिन वुल्फचं ‘कमिट अ क्राइम’ तर एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुडीवर, उभं आहे. कॉर्ड बदलायचीच नसते, तेव्हा गाणं पुढे ढकलण्याचं सगळं काम ठेक्यावर आणि एका आडमुठ्या गिटारच्या तुकड्यावर पडतं. तिथे ढिलाई आली की लगेच कळते.

रेकॉर्डिंगची पद्धत मुद्दाम जुनी ठेवली. सगळे एका खोलीत, एकमेकांकडे बघत, एकाच वेळी वाजवणार. निर्माते डॉन वॉज आणि ‘ग्लिमर ट्विन्स’, म्हणजे जॅगर-रिचर्ड्स हेच. ध्वनिमुद्रक कृश शर्मा. बेसवर डॅरिल जोन्स, कीबोर्डवर चक लव्हेल आणि मॅट क्लिफर्ड. शेजारच्या खोलीत गिटारवादक एरिक क्लॅप्टन आपल्या अल्बमच्या कामात होता, तो येऊन दोन गाण्यांत वाजवून गेला.

अशा रेकॉर्डिंगमध्ये ‘लीकेज’ होतं, म्हणजे ड्रमच्या माइकमध्ये गिटारचा आवाज शिरतो आणि गिटारच्या माइकमध्ये ड्रमचा. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तीन मीटरवरच्या माइकला तोच ठोका नऊ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की काही कंपनं एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. त्यावर जुना ठोकताळा असा: वाद्य आणि त्याचा माइक यांत जेवढं अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवा. तेवढं सांभाळलं तर हेच लीकेज सगळ्या वाद्यांना एका हवेत बांधून ठेवतं. चेसच्या तबकड्यांचा दाटपणा बराचसा त्यातूनच आलेला आहे.

त्याची किंमतही असते. गिटारवाला एका जागी चुकला तर फक्त त्याची ओळ पुसून नवी भरता येत नाही, कारण चुकीचा सूर ड्रमच्या माइकमध्ये भुतासारखा शिल्लक राहतो. ठेक्याला मशीन लावलेलं नसेल तर दोन टेकची (एकेका सलग वादनाची) लयही तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे इथला तुकडा तिथे जोडणंही अवघड. म्हणून एक तर सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं, नाही तर चूक ठेवायची. सत्तरीच्या आसपासच्या जॅगर, रिचर्ड्स, गिटारवादक रॉनी वुड आणि ड्रमवादक चार्ली वॉट्स या चौघांनी बऱ्याच ठिकाणी थोडं ओबडधोबड तसंच ठेवलं आणि ते योग्यच केलं.

चार्ली वॉट्स तेव्हा ७४ वर्षांचा. त्याचा संच म्हणजे १९५७चा चार ड्रमचा ग्रेच. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) मारताना तो हाय-हॅट या झांजांच्या जोडीवरचा हात उचलून घेतो. त्यामुळे तो ठोका एकटा, मोकळा पडतो. एवढ्याशा सवयीने बँडची चाल ठरते.

तरी अल्बमचा खरा नायक जॅगरचा माउथ ऑर्गन. पेटीसारखंच हेही रीडचं, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, पण पेटीत मींड निघत नाही आणि इथे निघते. दहा छिद्रांच्या साध्या माउथ ऑर्गनमध्ये प्रत्येक छिद्रात दोन रीड असतात, एक फुंकरीची आणि एक श्वास ओढण्याची. जिभेचा आणि घशाचा आकार बदलून हवा ओढली की पहिल्या सहा छिद्रांत वरचा सूर खालच्या रीडच्या दिशेने वाकतो. पाचव्यात मात्र जेमतेमच, कारण तिथे दोन रीडमध्ये अर्ध्या सुराचंच अंतर आहे. ब्लूजवाले ‘सी’चा माउथ ऑर्गन घेऊन ‘जी’मध्ये वाजवतात. मग दुसऱ्या छिद्रात ओढलेला सूर षड्ज होतो. तिसऱ्यातला शुद्ध गंधार वाकवून कोमल करता येतो, चौथ्यातला पंचम तीव्र मध्यमापर्यंत उतरतो आणि पाचव्यात कोमल निषाद आयता मिळतो. शिकाऊ माणूस जोर लावून सूर वाकवायला जातो, तिथेच फसतो. रीड थकते, सूर उतरतो, आणि बहुधा चौथ्या छिद्राची रीड सर्वांत आधी जाते.

लिटल वॉल्टरने यात आणखी एक पायरी चढवली. स्वस्तातला माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही हातांच्या ओंजळीत घट्ट धरून तो छोट्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमधून इतका जोरात वाजवायचा की आवाज फाटून सॅक्सोफोनसारखा जाड व्हायचा. ओंजळ सैल पडली की तो रंग जातो आणि माइक शिट्टी मारू लागतो. त्याचं ‘ज्यूक’ १९५२मध्ये अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत पहिलं होतं. शीर्षकगीतात जॅगर त्याच वाटेने जातो. गायक आणि वादक तोच असल्यामुळे ओळ संपते तिथे श्वास घेण्याऐवजी तो माउथ ऑर्गनमधून ओढतो, आणि तो श्वासच उत्तर होऊन येतो.

अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत चौथ्या. जानेवारी २०१८मध्ये त्याला पारंपरिक ब्लूज अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ऑगस्ट २०२१मध्ये वॉट्स गेला. बँडच्या नव्या गाण्यांच्या ज्या अल्बमची वाट बघितली जात होती तो ‘हॅकनी डायमंड्स’ ऑक्टोबर २०२३मध्ये निघाला, आणि वॉट्सने आधी वाजवून ठेवलेली दोन गाणी त्यात आहेत. अल्बमच्या शेवटी बँडला नाव देणारं मडी वॉटर्सचं तेच गाणं आहे, आणि त्यात बाकी कोणी नाही: रिचर्ड्सची गिटार, जॅगरचा आवाज आणि माउथ ऑर्गन.