केमोच्या त्रासावरचं संशोधन

कॅन्सरची गाठ किती कमी झाली हे नाही, तर पेशंटची मळमळ, उलट्या, तोंड येणं, दुखणं, हातापायाच्या मुंग्या कशाने कमी होतात हे तपासणारं संशोधन. पेशंटचे दोन गट करतात, कोणाला कुठलं औषध ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं आणि मग दोन्हींची तुलना होते, यालाच ट्रायल म्हणतात.

नाशिकला केमो घ्यायला सुरगाणा, पेठ, मालेगावहून लोक येतात, काहीजण पंचवटी एक्सप्रेस धरून मुंबईला टाटाला जातात, आणि केमोनंतर तसंच एसटीने नाहीतर ट्रेनने घरी यायचं असेल तर उलटी आणि गुंगी यांना किरकोळ साइड इफेक्ट कसं म्हणणार. ओलँझापिन हे मुळात मानसिक आजाराचं औषध, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ३८० पेशंटच्या ट्रायलमध्ये १० मिलिग्रॅमने मळमळ चांगली कमी झाली, पण झोप फार येते. मग टाटा मेमोरियलने २७५ पेशंटमध्ये २.५ आणि १० मिलिग्रॅमची तुलना केली (२०२४), तर उलट्या कमी डोसनेही तेवढ्याच आटोक्यात राहिल्या आणि दिवसाची गुंगी कमी झाली. नवीन महागडं औषध नाही, जुनीच गोळी, तीही पाव डोस! मला हा रिझल्ट फार मोठा वाटतो.

दुसरं उदाहरण दिल्लीच्या एम्सचं. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, आग होते, सोलवटतात. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला जाणाऱ्या बाईची रोजंदारीच हातावर अवलंबून, तिला हा त्रास झाला तर काय होत असेल बघा. २६४ पेशंटच्या ट्रायलमध्ये दुखण्यावरचं साधं डायक्लोफिनॅक जेल लावणाऱ्यांत मध्यम ते तीव्र त्रास ३.८ टक्के लोकांना झाला, औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत १५ टक्के.

मोजमाप मात्र अवघड. गाठ स्कॅनमध्ये दिसते, मळमळ दिसत नाही, ती पेशंटनेच ० ते १० मध्ये सांगायची, आणि आपल्याकडे आजी सात असलं तरी "बरंय" म्हणते, म्हणून प्रश्नावली तिच्या बोलीतली हवी, शेजारी बसलेल्या मुलाने परस्पर उत्तरं द्यायला नकोत.

ट्रायलचं संमतीपत्र समजेल अशा भाषेत मागता येतं, मधूनच बाहेर पडलं तरी नेहमीची ट्रीटमेंट थांबत नाही. भारतात २००९ पासून ट्रायलची आधी सीटीआरआयमध्ये, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंद लागते, सही करायच्या आधी तो नंबर विचारून घ्यावा.