पियानोचा गंधार आणि साडेतीन मिलिमीटर

मध्यंतर संपलं आणि चौघं पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर येऊन बसले. आता त्यांच्या मागे पियानोचं झाकण वर केलेलं होतं आणि पाहुणी पियानोवादक आपलं बाकडं खालीवर करून उंची बघत होती. पुण्यात कॅम्पातल्या एका जुन्या सभागृहातली ही मैफल. पूर्वार्धात फक्त चार तंतुवाद्यं होती: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. त्यांनी संगीतकार हायडनची एक रचना वाजवली आणि तिच्या संथ भागात चौघांचे गज एका लांब स्वरसंगतीवर स्थिरावले, तेव्हा तानपुऱ्याशेजारी बसल्यावर अंगाला जाणवते ती गुंज मला तिथे जाणवली.

मग पियानोवादकाने एक पट्टी दाबली, पांढरी सहा, म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी. पहिल्या व्हायोलिनने ती तार जुळवून घेतली, मागोमाग बाकीच्यांनी. पूर्वार्धात त्यांचं काम इथेच आटोपलं होतं. या वेळी मात्र चेलोवादकाने पियानोकडे पाहून आणखी एक स्वर मागितला, पांढरी एक, आणि आपली सगळ्यात जाड तार अगदी किंचित चढवली. व्हायोलावाल्यानेही तेच केलं. तास-दीड तास सुरेल वाजलेली वाद्यं पुन्हा का जुळवावी लागली? मला त्या संध्याकाळचं सगळ्यात मोठं कुतूहल या एका कृतीचं वाटलं.

व्हायोलिन-चेलोच्या लगतच्या तारांमध्ये षड्ज-पंचमाचं अंतर असतं. कानाला शुद्ध लागणारा पंचम म्हणजे षड्जाच्या दीडपट वारंवारता. चेलोची वरची तार २२० हर्ट्झवर लावून तिथून तीन शुद्ध पंचम खाली उतरलं, की खर्जाची तार ६५.२ हर्ट्झवर येते. पियानोवरची तीच पट्टी मात्र ६५.४ हर्ट्झ देते. अंतर दिसायला नगण्य आहे. संगीतात ते सेंटमध्ये मोजतात. पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट. त्या मापाने चेलोची तार सुमारे सहा सेंट उतरलेली निघते. चौघंच वाजवत असताना ती उतरलेली नव्हतीच. ती तशी ठरली पियानो आल्यावर.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. पेटीवरून तो शंभर वर्षांहून जास्त काळ चर्चेत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याच्या आधारे श्रुती, म्हणजे सप्तकातली सूक्ष्म स्वरांतरं, मोजल्या, आणि क्लेमंट्स या ब्रिटिश न्यायाधीशांच्या साथीने श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप केला. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही हा एक आक्षेप होता. दुसरा होता तिच्या स्वरांबद्दल, विशेषतः गंधाराबद्दल. पियानोचे स्वर पेटीसारख्याच हिशेबाने लावतात, म्हणून तोच गंधार पियानोतही आहे.

तानपुरा नीट जुळला की कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. हे नाव मला फार आवडतं, कारण भौतिकशास्त्र नेमकं तेच सांगतं. तार संपूर्ण लांबीने कंप पावते, तशीच एकाच वेळी दोन, तीन, चार, पाच भागांतही कंप पावते, आणि त्यातून निघणारे वरचे स्वर म्हणजे उपस्वर. मूळ स्वराच्या पाचपट वारंवारतेचा उपस्वर दोन सप्तकं खाली आणला की ५/४ हे प्रमाण मिळतं, तोच शुद्ध गंधार. षड्ज ४४० हर्ट्झचा असेल तर हा गंधार ५५०चा. पियानोवर मात्र ५५४.४ हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ १४ सेंट चढा.

पियानो असा का लावतात? कारण निसर्गाचा हिशेब जुळत नाही. एका स्वरापासून शुद्ध पंचमाने बारा पावलं वर गेलं, की मूळ स्वराच्या १२९.७५ पट वारंवारतेला पोचतो. सात सप्तकं चढल्यावर यायला हवेत १२८. बारा पट्ट्यांच्या वाद्यावर ही तफावत कुठेतरी जिरवावीच लागते. पियानोवर ती बारा पंचमांत सारखी वाटून टाकतात, त्यामुळे प्रत्येक पंचम फक्त दोन सेंटांनी उतरतो आणि कोणत्याही पट्टीत वाजवता येतं. पंचमाला हा सौदा स्वस्तात पडतो, गंधाराला महाग.

हे ऐकून बघायला मैफलीला जायची गरज नाही. पेटीवर मध्य सप्तकातल्या काळी एकचा सा आणि त्याचा पंचम एकत्र धरून ठेवा. आवाजात सेकंदाला सुमारे एक अशी संथ लाट येईल. आता पंचम सोडून गंधार धरा. ती लाट सेकंदाला अकराच्या आसपास होते. मोजता येत नाही, नुसती थरथर आणि खरखर जाणवते. सा एक सप्तक खाली घेतला तर ती साडेपाचवर येते आणि कान देऊन ऐकलं तर जवळजवळ मोजताही येते. शाळेच्या पुस्तकात यालाच विस्पंद म्हणतात. षड्जाचा पाचवा उपस्वर आणि गंधाराचा चौथा उपस्वर एकाच जागी यायला हवेत. ते थोडे मागेपुढे असले की कधी एकमेकांना साथ देतात, कधी खोडतात. पेटी जुनी असेल आणि तिचे सूर हलले असतील तर आकडे थोडे बदलतील.

मग पियानोवर ही खरखर तितकी का बोचत नाही? हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. स्वर जन्मतो त्या क्षणापासून विझत जातो, वरचे उपस्वर तर आधीच विझतात. विस्पंदांना ठाण मांडायला वेळच मिळत नाही. पेटीचा भाता मात्र स्वर तसाच तेवत ठेवतो. गजाचंही तसंच.

गजाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. केस तारेला चिकटून तिला ओढत नेतात, ताण वाढला की तार निसटते, मागे जाते आणि पुन्हा पकडली जाते. पांढरी सहाच्या तारेवर हे सेकंदाला ४४० वेळा घडतं. उघड्या डोळ्यांना तार नुसती फुगल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात कोणत्याही एका क्षणी ती दोन सरळ रेषांची असते आणि त्या रेषांमधला कोपरा तारेवरून धावत फेऱ्या मारत असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात हे दाखवलं, आणि गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांचा सखोल सिद्धांत १९१८ साली कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनी मांडला. नोबेल मिळवून देणाऱ्या प्रकाशाच्या कामाच्या कितीतरी आधीचं हे काम, आणि आपल्याकडे त्याची आठवण फार कमी निघते याचं मला वाईट वाटतं.

या पकड-निसटीचा एक परिणाम असा, की प्रत्येक फेरी आधीच्या फेरीसारखीच होते आणि उपस्वर नेमके दुप्पट, तिप्पट, चौपट राहतात. पियानोची तार एकदा टोला खाऊन मोकळी सुटते. ती पोलादी आणि ताठ असते, त्यामुळे तिचे वरचे उपस्वर नेमक्या पटींपेक्षा थोडे चढे निघतात. चांगला ट्यूनर हे ओळखून वरची सप्तकं किंचित ताणून लावतो. म्हणजे पियानोचं सप्तकसुद्धा काटेकोर दुप्पट नसतं, आणि व्हायोलिनला वरच्या स्वरांत तेही सांभाळावं लागतं.

त्यात पुण्याची हवा. पियानोच्या तारांखालचा मोठा लाकडी तक्ता जून-जुलैच्या दमटपणात फुगतो, तारांना वर ढकलतो आणि सूर चढतात. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उतरतात. दोनशेहून जास्त तारा मैफलीच्या मध्येच कोणी नव्याने जुळवू शकत नाही. व्हायोलिनच्या मात्र चारच तारा आणि चारच खुंट्या. म्हणून जुळवून घ्यायचं ते तंतुवाद्यांनी.

उत्तरार्धात जर्मन संगीतकार शुमानचं पियानो क्विंटेट, म्हणजे पियानो आणि चार तंतुवाद्यांची रचना, होतं, १८४२ साली लिहिलेलं आणि पत्नी क्लाराला अर्पण केलेलं. ती स्वतः मोठी पियानोवादक होती. त्याचा दुसरा भाग अंत्ययात्रेच्या चालीचा आहे. त्यात पांढरी एकच्या पट्टीत एक लांब, शांत धून येते. ती पहिलं व्हायोलिन आणि चेलो वाजवतात, बाकीचे साथ करतात. मी तिथे गंधाराची वाट बघत बसलो होतो. तो आला तो पूर्वार्धातल्यापेक्षा थोडा उजळ आणि चढा वाटला, आणि त्याला बोटाच्या हलक्या कंपाची झालर होती. ही झालर फक्त शोभेची नसते. स्वर सेकंदाला पाच-सहा वेळा वरखाली हलू लागला की त्याची नेमकी जागा कानाला पकडता येत नाही, आणि पियानोशी असलेलं थोडं अंतर तिच्यात मावून जातं.

मैफलीनंतर दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्या ताई वाद्य पुसत होत्या. पियानो असताना गंधार कुठला लावता, असं मी त्यांना विचारलं. पियानो त्याच वेळी तोच स्वर वाजवत असेल तर त्याचा, आणि फक्त आम्हीच वाजवत असू तर आमचा, असं म्हणत त्यांनी वाद्य पुन्हा हनुवटीखाली घेतलं. दुसऱ्या क्रमांकाच्या जाड तारेवर, म्हणजे पांढरी दोनच्या तारेवर, पहिलं बोट ठेवून त्यांनी पांढरी तीन काढला आणि सोबत वरची मोकळी तार छेडली. स्वच्छ, एकही लाट नाही. मग बोट न हलवता तोच स्वर खालच्या मोकळ्या तारेसोबत वाजवला, तर तो खरखरला. त्यांनी बोट थोडं मागे, खुंट्यांच्या दिशेने सरकवलं आणि खरखर थांबली.

घरी येऊन हिशेब केला. पहिली जागा म्हणजे पांढरी दोनच्या मोकळ्या तारेच्या ९/८ पट, दुसरी १०/९ पट; आपल्या भाषेत चतुःश्रुती आणि त्रिश्रुती ऋषभ. दोन्हींमधलं प्रमाण ८१/८०. नाट्यशास्त्रात भरताने दोन वीणा घेऊन, एकीचा पंचम एका श्रुतीने उतरवून जी प्रमाणश्रुती सांगितली, ती हीच असं बरेच अभ्यासक मानतात. व्हायोलिनची तार घोडीपासून वरच्या टोकापर्यंत साधारण साडेबत्तीस सेंटीमीटर असते, म्हणजे त्यांचं बोट सरकलं ते सुमारे साडेतीन मिलिमीटर. पियानोचा पांढरी तीन यांतल्या पहिल्या जागेपासून मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यावर पडतो. दुसरी जागा पियानोवर नाहीच.