साल्सा (मेक्सिकन)

मेक्सिकोच्या जेवणातील मिरचीप्रधान तोंडी लावणे. टोमॅटो किंवा टोमॅटिलो (रसभरीच्या प्रजातीतील वेष्टनयुक्त आंबट फळ), ताजी अथवा वाळवलेली मिरची, कांदा, लसूण, कोथिंबीर व मीठ हे त्याचे नेहमीचे घटक होत. यांपैकी कांदा, लसूण व कोथिंबीर स्पॅनिश अंमलात आली. मिरची व टोमॅटिलो तेथलीच आहेत.

टोमॅटोच्या मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फाँस द कांदोल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेरूचा पक्ष घेतला, तर जे. ए. जेंकिन्स यांनी १९४८ मध्ये मेक्सिकोच्या बाजूने मांडणी केली. अलीकडील जनुकीय अभ्यासांनुसार लहान फळांचे रूप दक्षिण अमेरिकेत, बहुधा इक्वादोरच्या परिसरात, मानवी लागवडीपूर्वीच विकसित झाले असावे आणि ते उत्तरेकडे पसरल्यावर मोठ्या फळांचे वाण मेक्सिकोत घडले असावेत. दोन्ही मतांतील ग्राह्य भाग सामावून घेणारे हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. बेर्नार्दिनो दे साआगून या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात नाहुआ (मध्य मेक्सिकोतील मूळ रहिवासी) सहकाऱ्यांसह सिद्ध केलेल्या ग्रंथात मिरची, टोमॅटो व भोपळ्याच्या बियांची कालवणे बाजारात विकणाऱ्यांचे वर्णन आहे. मात्र अशा जुन्या उल्लेखांतील फळ टोमॅटो की टोमॅटिलो, हे दर वेळी ठरवता येत नाही.

मेक्सिकोतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांत ‘एल कोसिनेरो मेहिकानो’ (१८३१) याची गणना होते. इंग्रजी वाचकांना प्रादेशिक भेदांची ओळख करून देण्यात पाककला-लेखिका डायना केनेडी यांच्या १९७२ मधील पुस्तकाचा वाटा मोठा आहे. पुस्तकावरून साल्सा करताना घटकांच्या वजनापेक्षा ते कच्चे, उकडलेले की भाजलेले घ्यावयाचे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे, कारण एकाच सामग्रीतून त्यामुळे निराळे पदार्थ होतात. कोमाल या तव्यावर टोमॅटो व न सोललेला लसूण काळे डाग पडेपर्यंत भाजतात. वाळक्या मिरच्या मात्र काही क्षणच शेकाव्या लागतात. त्या करपल्यास साल्सा कडू होतो, आणि पुढे कितीही मीठ वा साखर घातली तरी तो दोष जात नाही. शेकलेल्या मिरच्या गरम पाण्यात सुमारे १५ ते २० मिनिटे भिजवून वाटतात. वाटणासाठी मोल्काहेते हा तीन पायांचा बेसाल्टचा खल परंपरेने वापरला जातो. मिक्सरमध्ये वाटण फार बारीक होते, म्हणून ते थांबत थांबत फिरवणे इष्ट. शिजवलेल्या टोमॅटिलोचा हिरवा साल्सा त्यातील पेक्टिन या दाटपणा आणणाऱ्या द्रव्यामुळे थंड झाल्यावर दाटतो. वाढताना त्यात थोडे पाणी घालतात.

बरण्यांत हवाबंद करून उकळत्या पाण्यात प्रक्रिया करावयाचा साल्सा पुरेसा आम्ल (सामू ४·६ किंवा त्याहून कमी) असावा लागतो, अन्यथा बॉट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर अन्नविषबाधेचा) धोका संभवतो. त्यामुळे अशा चाचणी केलेल्या कृतीतील कांदा-मिरचीचे प्रमाण वाढवू नये आणि लिंबूरस किंवा व्हिनेगर कमी करू नये. रोजच्या ताज्या साल्स्याला हे बंधन नाही.

प्रादेशिक प्रकारांत युकातानचा आबानेरो मिरची व आंबट संत्र्याच्या रसाचा श्निपेक आणि व्हेराक्रूझचा, तेलात तळलेल्या वाळक्या मिरच्या व शेंगदाण्यांचा ‘माचा’ हे उल्लेखनीय होत.